साखर मोजता, पाय कोण मोजणार?

मधुमेह झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याला दोनच प्रश्न विचारले जातात. शुगर किती निघाली? आणि गोळी कोणती दिली? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. खुर्चीच्या हातावर जोर न देता उठता येते का? एक जिना न थांबता चढता येतो का? विहारात जमिनीवर बसल्यावर कोणाचा हात न धरता उभे राहता येते का? वास्तविक हा तिसरा प्रश्नच माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मधुमेह सापडतो रक्तात, पण माणसाला परावलंबी करतो तो पायांतून. आणि पाय निकामी करण्याच्या कामात त्याचा मोठा साथीदार आहे आपले तासन्‌तास बसून राहणे.

मधुमेह हा शेठजींचा, गादीवर लोळणाऱ्यांचा रोग आहे, हा समज आपल्या वस्त्यांमधून अजून पूर्णपणे गेलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. त्या टप्प्यातील लोकांच्या शारीरिक हालचालींची माहिती २०१४ मध्ये छापून आली, तेव्हा ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. ज्या देशाला आपण कष्टकऱ्यांचा देश म्हणतो, त्या देशातील ही परिस्थिती आहे.

भातखाचरातून गेटवरच्या खुर्चीत

हा बदल पाहण्यासाठी लांब जायला नको. मावळ तालुक्यात सोमाटणे फाट्यावरून आत वळले की परंदवडी लागते. एका बाजूला देहूरोडची लष्करी वसाहत, दुसऱ्या बाजूला तळेगावची औद्योगिक वसाहत आणि जवळूनच गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. मावळ म्हणजे भाताचा मुलूख. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी ही सगळी कामे पायांवर उभे राहून, कमरेत वाकून करायची. या पट्ट्यातील माणसाला व्यायाम हा शब्द माहीत नसला तरी त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या.

त्याच घरातला मुलगा आज काय करतो? कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून बसतो. टेम्पो किंवा कंपनीची बस चालवतो. मशीनसमोर स्टुलावर किंवा संगणकापुढे बसतो. सुनेच्या हाती गृहोद्योगाचे पॅकिंगचे काम असते, तेही बसूनच. घरी येताना दुचाकी, आणि घरी आल्यावर मोबाईल नाही तर टीव्ही. जेवण मात्र शेतात राबणाऱ्या बापाचेच राहिले. ताटात भाताचा ढीग तोच आहे, पण तो जाळणारे श्रम निघून गेले. यात त्या मुलाचा दोष किती आणि त्याच्यावर लादलेल्या कामाच्या स्वरूपाचा दोष किती, हे आपण पुढे पाहणार आहोत.

बसल्याने नेमके काय होते?

आपल्या शरीरातील साखर वापरणारे सर्वांत मोठे कारखाने म्हणजे मांड्यांचे, नितंबांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू. माणूस उभा राहिला, चालला की हे स्नायू आकुंचन पावतात आणि रक्तातली साखर आत ओढून घेतात. विशेष म्हणजे हालचाल करणारा स्नायू साखर आत घेण्यासाठी इन्शुलिनवर अवलंबून राहत नाही, त्याचा स्वतंत्र मार्ग असतो. मधुमेही माणसात इन्शुलिनचा मार्ग अडखळलेला असतो. अशा वेळी हा दुसरा मार्ग म्हणजे निसर्गाने दिलेला राखीव दरवाजाच आहे. बसून राहणारा माणूस तोही बंद करून टाकतो.

दुसरीकडे, बरीच वर्षे वाढलेली साखर पायांच्या नसा बधिर करते. पायाखाली काय आहे ते कळत नाही, तोल जातो. स्नायूंची ताकद समवयस्क निरोगी माणसापेक्षा वेगाने उतरते. पाय दुखतात म्हणून माणूस बसतो, बसतो म्हणून पाय आणखी दुबळे होतात, आणि दुबळे झाले म्हणून तो आणखी बसतो. हे दुष्टचक्र आहे. त्यात अडकलेला माणूस साठीच्या आतच म्हाताऱ्यासारखा भिंत धरून चालू लागतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता." वय झालेले नसते, पाय वापराविना गंजलेले असतात.

या चक्रातून बाहेर येता येते. मेलबर्न येथील संशोधकांनी २०१६ मध्ये मधुमेह असलेल्या २४ जणांवर एक साधा प्रयोग केला. एके दिवशी त्यांना आठ तास बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे सावकाश चालायला लावले. आणखी एका दिवशी दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे अर्ध्या बैठका, टाचा उचलणे असे जागच्या जागी करायचे व्यायाम दिले. चालण्याच्या आणि व्यायामाच्या या दोन्ही दिवशी जेवणानंतर वाढणारी साखर ठळकपणे कमी राहिली. अमेरिकेत ५,१४५ मधुमेही स्त्री-पुरुषांचा मोठा अभ्यास झाला. त्यांचे वय ४५ ते ७४ होते आणि वजन जास्त होते. आहारात बदल करून नियमित चालणाऱ्या गटात चार वर्षांत चालण्या-फिरण्याची क्षमता गमावण्याचा धोका दुसऱ्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा की पाय वाचवणे नशिबाच्या हाती नसून बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

आपल्याला तर याची गरज अधिक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. पण आपल्या या हलक्या बाळांत चरबी टिकून होती, कमी होते ते स्नायू. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबी जास्त. अर्धपोटी राहून राबणाऱ्या आयांच्या पिढ्या ज्या समाजात झाल्या, त्या समाजाच्या वाट्याला स्नायूंची पुंजी मुळातच कमी आली असेल, तर ती बसून उधळणे आपल्याला कसे परवडेल? "मी तर बारीक आहे, मला कशाला होईल शुगर?" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खुर्चीचा मान

आता एक अडचणीची गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांना "उठा, चाला" म्हटले की ते चिडतात. "आयुष्यभर पायच झिजवले, आता तरी बसू द्या," असे म्हणतात. त्यांचे हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. महार वतनाच्या नावाखाली आपल्या बापजाद्यांना रात्री-अपरात्री सरकारी टपाल घेऊन गावोगाव पळवले गेले. साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, सांगावा पोहोचवायचा, मेलेली गुरे ओढायची, आणि पाटलाच्या ओसरीपुढे मात्र उभे राहायचे. बसण्याचा अधिकार नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या गुलामीवर घाव घालण्यासाठी. म्हणून आपल्या समाजात खुर्ची हे केवळ फर्निचर नाही, तो मान आहे. मुलगा "खुर्चीवरची नोकरी" करतो हे सांगताना आईचा ऊर भरून येतो, आणि तो भरून आलाच पाहिजे.

परंतु शरीराला इतिहास कळत नाही. लादलेले चालणे ही गुलामी होती. ती गेली, चांगले झाले. आता स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या भल्यासाठी चालणे ही स्वातंत्र्याची खूण आहे. खुर्ची मिळवली ती तिच्यात रुतून बसण्यासाठी नाही.

बाबासाहेबांचे पाय

बाबासाहेबांना मधुमेह होता. त्याच्या जोडीला मज्जातंतूंचा दाह, सांधेदुखी आणि रक्तदाब. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. माईसाहेबांनी आपल्या आठवणींत या आजारपणाची हकीकत लिहून ठेवली आहे. पायांच्या वेदनांनी त्यांना झोप येत नसे. त्याच वर्षांत ते घटना लिहीत होते, हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना जे पत्र लिहिले, त्यात आपल्या ढासळत्या प्रकृतीचा उल्लेख करून हे विधेयक लवकर हाती घेण्याचा आग्रह धरला होता.

आपल्या मावळाचा या काळाशी जवळचा संबंध आहे. तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते हातात काठी घेऊन, नानकचंद रत्तू यांच्या आधाराने उभे राहिले. ५ डिसेंबरच्या शेवटच्या रात्रीही रत्तू त्यांचे पाय दाबत होते.

बाबासाहेबांना हा रोग कशाने झाला, याची चर्चा करणे हा उथळपणा ठरेल. त्यांनी आपले शरीर समाजासाठी झिजवले, एवढे आपल्याला पुरे आहे. प्रश्न आपला आहे. आज कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहावरचे औषध म्हणून १९५७ मध्ये पुढे आली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यांना जे औषध मिळाले नाही ते आपल्याला मिळते. त्यांच्याजवळ जो वेळ नव्हता तो आपण मोबाईलवर घालवतो. त्यांच्या प्रतिमेला हार घालून, त्यांनी दिलेल्या स्वाभिमानी आयुष्याची अशी हेळसांड करण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?

तथागतांचा चंक्रम

चालणे ही आपल्याला कोणी पाश्चात्त्यांनी शिकवलेली गोष्ट नाही. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमाचे, म्हणजे सावधपणे येरझाऱ्या घालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास सोसतो, परिश्रमाची क्षमता येते, रोग कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. आजचा डॉक्टर मधुमेह्याला याहून वेगळे काय सांगतो?

विनयातल्या चुल्लवग्गात तर थेट आपल्या विषयाचीच घटना आहे. वैशालीत गोडधोड जेवणावळी चालू असल्यामुळे भिक्खू अंगाने सुटले होते, आजारी पडत होते. जीवक वैद्य तेथे आले, त्यांनी हे पाहिले आणि भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमाची आणि बाष्पस्नानगृहाची परवानगी द्यावी. भगवंतांनी ती दिली. वैद्याने रोगाचे कारण ओळखावे आणि संघाने आपल्या नियमात बदल करावा, ही आपली परंपरा आहे. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूला तथागतांच्या चंक्रमाची जागा आजही दाखवतात. मावळातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाभोवती खांबांच्या मागून प्रदक्षिणेचा मार्ग ठेवला आहे, तोही चालण्यासाठीच. परंदवडीपासून जवळच घोरावडेश्वराच्या डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. ज्याच्या पायांत बळ आहे त्यालाच ती पाहता येतात.

कोणी म्हणेल, मग ध्यानाला बसणेही वाईट का? मुळीच नाही. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि पहुडणे या चारही अवस्थांत जागरूक राहायला सांगितले आहे. आपण त्यातली फक्त बसण्याची अवस्था उचलली आणि चालण्याची सोडून दिली.

उठण्याचा हक्क

आता कायद्याकडे येऊ. सगळा दोष व्यक्तीच्या आळसावर ढकलणे हे सत्ताधारी आणि मालकवर्गाला सोयीचे असते. गेटवरच्या रक्षकाला जागा सोडली तर दंड होतो. कंत्राटी बसचालकाला दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटे मिळत नाहीत. त्याला "रोज चालत जा" असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्या कामगारासाठी बसण्याची सोय सांगितली होती. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना, त्यात बहुसंख्येने असलेल्या विक्रेत्या स्त्रियांना, बसण्याचा हक्क कायद्याने दिला. हे लढे न्याय्यच होते. परंतु ज्याला बारा तास बसवूनच ठेवले जाते, त्याच्या उठण्याच्या हक्काचा विचार आपल्या कायद्याने अजून केलेला नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. त्याच महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे, असे समर्थन केले जाते. पण सलग बारा तास आखडलेल्या पायांना आठवड्याचा हिशेब कळत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ङ) मध्ये कामगारांच्या आरोग्याचा आणि शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, असे राज्याला बजावले आहे. अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती मागतो. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात स्पष्ट केले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही. पण कंत्राटदाराकडच्या रक्षकाचे काय? त्याचे पाय गेले, जिना चढता येईना, की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून कामगार संघटनांनी मागणीपत्रात एक कलम घातलेच पाहिजे. बैठ्या कामात दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे उठण्याची मुभा, आणि तिच्यासाठी दंड नाही, कपात नाही. सुरक्षारक्षकाला तासाला एक गस्त दिली तर मालकाचेही काम होईल आणि त्याचेही पाय वाचतील.

विहारापासून सुरुवात

मागणी करीत असताना आपल्या हातातले आपण आजच केले पाहिजे. वर्षावासात तीन महिने विहारांत ग्रंथवाचन चालते. मंडळी दीड-दोन तास मांडी घालून बसतात आणि शेवटी खीरदान होते. वाचनाच्या मध्यावर तीन मिनिटे सर्वांनी उभे राहावे, वाचन संपल्यावर विहाराभोवती सामूहिक चंक्रम करावा आणि खीर मधुमेह्याला नको. एवढ्याने धम्माचे काही बिघडणार नाही, उलट तो पाळला जाईल.

विहारात एक साधी खुर्ची ठेवा. हात छातीवर बांधून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. ज्येष्ठांना १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजून आरोग्य केंद्रात दाखवावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह तपासणी सरकारी केंद्रात होते, आशाताईंना विचारा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तो हक्क बजावा.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मधुमेह्याने अनवाणी चालू नये, बधिर पायांसाठी एमसीआर चप्पल वापरावी. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. जखम असेल तर आधी डॉक्टर, मग चालणे. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालू नये आणि व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, दम लागला तर थांबावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. चालणे हे गोळीच्या जागी नसून गोळीच्या जोडीला आहे.

आपली चळवळ पायांवर उभी राहिली आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे लोक चालत गेले. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत माणसे तासन्‌तास उभी राहतात. ज्याचे पाय जातात तो आधी जिना सोडतो, मग मोर्चा सोडतो, मग विहार सोडतो आणि शेवटी खाटेला लागतो. असा एकेक कार्यकर्ता आपण गमावतो आहोत आणि त्याची नोंदही होत नाही. म्हणून उपासक-उपासिकांनी, कामगारांनी, लेखणी चालवणाऱ्यांनी आणि खटले चालवणाऱ्यांनीही दर अर्ध्या तासाला उठावे. हा लेख वाचायला एवढा वेळ लागला असेल, तर आता पेपर खाली ठेवून दारापर्यंत तरी एक फेरी मारून यावे.

जयभीम!